टायमिंग गन झकास आहे, खोटं बोलत होती ती खूण

डायलवाली टायमिंग गन (एक नंबरच्या प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, त्याच्या उजेडात क्रँकच्या टोकावरच्या चाकाची खूण डिग्रीच्या पट्टीवर कुठे आहे ते दिसतं) घेऊन सहा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. ट्रक जुना आहे, पेट्रोल व्ही-एट, फोर्डची ईईसी-फोर सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटरही आहे आणि प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही. तक्रार काय तर चढावर दमच नाही आणि टेम्परेचरचा काटा उगाच वर.

या इंजिनाला नुसती गन लावून काही कळत नाही, कारण कॉम्प्युटर सारखा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) कमीजास्त करत असतो. इंजिन गरम करून बंद करायचं, डिस्ट्रिब्युटरजवळचा बोटाएवढा स्पाउट कनेक्टर (कॉम्प्युटरचा टायमिंगचा सिग्नल यातून जातो) काढायचा आणि मग चालू करून बेस टायमिंग (कॉम्प्युटरशिवायचं) बघायचं, ते 10 डिग्री बीटीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर (टीडीसीला) पोचायच्या 10 डिग्री आधी पाहिजे. माझं बरोब्बर 10! कनेक्टर परत लावला तर खूण पार पट्टीच्या बाहेर पळाली, आणि डायलचे पैसे इथेच वसूल होतात, खूण शून्यावर येईपर्यंत डायल फिरवला तर आकडा 24. म्हणजे कॉम्प्युटर 14 डिग्री वाढवतोय, त्याचा सिग्नल ठिणगी पाडणाऱ्या टीएफआय मॉड्यूलपर्यंत पोचतोय. आकडा 10 वरच राहिला असता तर वायरिंगच्या मागे लागलो असतो.

मग सगळं ठीक असून गाडी मेल्यासारखी का? दोन दिवस गनलाच शिव्या घातल्या, उगाच. शेवटी बॅटरीची वायर काढली, सगळे प्लग काढले, एक नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा बोल्ट) बसवला, क्रँक पान्याने हळू हळू एका बाजूला अडेपर्यंत फिरवला, मग उलट्या बाजूला, दोन्ही ठिकाणी खडूने रेघ मारली. दोन्हींच्या बरोब्बर मधे खरा टीडीसी, आणि तिथे पट्टीवर चक्क 8 बीटीडीसी! हार्मोनिक बॅलन्सरच्या, म्हणजे खूण असलेल्या त्या चाकाच्या, आतलं रबर म्हातारं होऊन बाहेरची रिंग सरकली होती. म्हणजे मी ज्याला 10 समजत होतो ते खरं 2 होतं, इंजिन दमणार नाही तर काय. नशीब की 14 डिग्रीचा फरक खुणेवर अवलंबून नसतो, ती कुठेही सरकली तरी फरक तोच, त्यामुळे कॉम्प्युटरवर नाहक खर्च झाला नाही.

आता गनची खोट. क्लॅम्पवरचा बाण प्लगच्या दिशेला पाहिजे हे कागदावर इतकं बारीक छापलंय की भिंग लागेल. क्लॅम्प शेजारच्या प्लग वायरला चिकटला की फ्लॅश वेडावाकडा होतो. उन्हात उजेड पुरत नाही, खुणेला पांढरा रंग फासावाच लागतो. वायर आखूड आहे, आणि पंख्याच्या इतक्या जवळ हात घालायला मला तरी भीती वाटते, बाही वर करूनच वापरा. डायल मात्र पक्का आहे, अजून सैल झालेला नाही.

बॅलन्सर नवीन बसवला, बेस खऱ्या 10 वर आणला, काटा आता मधेच असतो. पाचपैकी चार स्टार, एक त्या बारीक अक्षरांसाठी कापला.