गोड्या पाण्यावर खाऱ्याचं मशीन: बोटीच्या संडासात गेलेले पावणेदोन लाख

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर, इटियाडोहला, नवेगावबांधला, जिथं कुठं पर्यटकांसाठी बोट टाकायचं चाललं असेल त्यांनी हे वाचावं. बोटीतल्या संडासाचं 'ट्रीटमेंट मशीन' विकणारा एक माणूस आपल्या भागात फिरतो आहे. आमच्या गटाचे पावणेदोन लाख त्यानं नेले.

गट ढिवर पोरांचा, हिशेब माझ्याकडे. अंभोऱ्याचा पूल झाल्यापासून रविवारी नागपूरच्या गाड्या येतात, म्हणून डेक असलेली जुनी फायबरची बोट घेतली. दोन तासांची फेरी म्हटली की बायामाणसांचा पहिला प्रश्न संडासाचा. धरणात घाण सोडायची नाही, हे आमचं आधीच ठरलेलं. नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी इथं येऊन पडतंच, आणि याच पाण्यातली मासोळी आम्ही बाजारात नेतो.

मशीन बनावट नव्हतं, हे आधी सांगतो. फसवणूक तिथंच लपली होती. कुठल्याशा परदेशी शिडाच्या बोटीवरून काढलेलं, समुद्रावर उत्तम चालणारं मशीन. संडासातली घाण आधी पात्यांनी बारीक होते, मग टाकीतल्या पाण्यातून वीज सोडतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात बहुतेक मीठच. त्यातून वीज गेली की क्लोरीनच्या जातीचं जंतुनाशक जागच्या जागी तयार होतं. म्हणजे औषधाचा कच्चा माल पाण्यातलं मीठ! वैनगंगेच्या पाण्यात ते कुठलं? गोड्या पाण्यावर असलं मशीन चालवायचं तर मिठाच्या पाण्याची वेगळी टाकी जोडावी लागते. ती टाकी त्यानं दाखवलीही नाही आणि तिचं नावही काढलं नाही.

प्रात्यक्षिक मात्र झकास केलं. झाकणाची निळी बादली गाडीतून भरूनच आणली. "तुमच्याच धरणाचं पाणी आहे भाऊ, येतायेता भरलं." बटण दाबलं, अँमीटरचा काटा सरसर चढला, दवाखान्यासारखा वास सुटला. लोक खूश. पैसे त्याच संध्याकाळी गेले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणा तिसऱ्याच्या खात्यावर.

बसवल्यावर काटा हलेना. "बॅटरी कमी आहे." बॅटरी भरली, तरी तेच. तोवर ती निळी बादली आमच्यातल्या एकाच्या अंगणात उन्हात पडून होती. त्याची आई एक दिवस म्हणाली, "हे बकरी काहून चाटून रायली बादली?" पाहिलं तर आतून कडेला पांढरी पापडी धरलेली. नखानं खरवडून जिभेवर ठेवली. मीठ! वर बसलेल्या म्हातारबांनी तिथंच मशीनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी त्याला फोन लावला तर म्हणतो, "मूठभर मीठ टाकत जा ना मग भांड्यात." म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं. त्यानंतर आमचा नंबर ब्लॉक.

बसवणीही तशीच. मालवणला बोटींवर काम केलेल्या एका मिस्त्रीला आणून दाखवली, तर तो आधी खाली वाकला आणि पाण्याच्या नळीकडं बोट करून म्हणाला, "ही बोट तुम्ही बुडवणार." संडासाचं भांडं बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळी त्या पातळीच्या वर नेऊन उलट्या यू आकारात वळवतात आणि माथ्यावर हवेचा वॉल्व्ह बसवतात. नाहीतर पाणी नळीतून आपोआप ओढलं जाऊन बोट भरत राहते. आमची नळी सरळ होती. वायर घरच्या बोर्डाची, बारीक. असलं मशीन 12 व्होल्टवर 40 अँपिअरच्या वर ओढतं, तिथं ती वायर तापून वितळेल. मैल्याचा पाइप म्हणजे शेतातला साधा होज. मिस्त्रीनं गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपवरून फिरवलं आणि मला हुंगायला दिलं. पाइप कुठंही फुटलेला नव्हता, तरी फडक्याला वास होता. हलका पाइप वास झिरपू देतो, आणि मग केबिन कितीही धुवा.

आता कागदांविषयी. त्यानं अमेरिकन कोस्ट गार्डच्या शिक्क्याची झेरॉक्स दिली होती. इंग्रजी आणि शिक्का पाहिला की आपल्याकडं पुढं कोणी वाचत नाही. भाचीला वाचायला दिली. हा शिक्का 65 फुटांपर्यंतच्या बोटींचा, आणि प्रक्रियेनंतरही 100 मिलिलिटरमागे 1000 पर्यंत कोलिफॉर्म जंतू त्यात चालतात. त्याच देशाच्या नियमात, जिथं बाहेरून बोटी ये-जा करू शकत नाहीत अशा गोड्या तलावात आणि धरणात असं प्रक्रिया केलेलं पाणीही सोडायला बंदी आहे. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमाचाही त्यानं हवाला दिला होता. त्या नियमात दळून निर्जंतुक केलेला मैला सोडायला काठापासून 3 सागरी मैलांहून जास्त अंतर लागतं, म्हणजे साडेपाच किलोमीटर. आमच्या बॅकवॉटरवर एका काठापासून तेवढं दूर गेलं की दुसरा काठ लागतो.

धरणातल्या बोटीला मशीनच नको, असं मिस्त्रीचं म्हणणं, आणि आता माझंही. मैला साठवायची बंद टाकी, तिला डेकच्या बाहेर तोंड काढणारी हवेची नळी, आणि काठावर पंपानं उपसून सेप्टिक टँकमध्ये सोडायची सोय. लहान बोटीला उचलून नेता येणारा पोर्टेबल संडास पुरतो. यात विकणाऱ्याला फार सुटत नाही, म्हणून हे कोणी सुचवत नाही.

पावती कच्ची होती, वर फक्त 'बोटीचे सामान'. तरी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, प्रात्यक्षिकाचा एका पोरानं काढलेला व्हिडिओ आणि ती बादली जपली आहे. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत 2 वर्षांची. अडचण एकच: 'माल धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही' असं समोरचा म्हणणार. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला कायद्यात सूट आहे, त्यामुळं अर्जात पोरं स्वतः बोट चालवतात हे ठळक लिहिलं.

मशीन पोत्यात बांधून ठेवलं आहे. स्वस्तात द्याल का, असे दोन फोन येऊन गेले. ते पुरावा आहे, विकायचं नाही.