एंडोमेट्रिओसिस: नव्या रक्तचाचणीची वाट पाहावी की सोनोग्राफीला जावं?

पाळीच्या दुखण्याने कामाला दांडी पडते, पण रक्ताची नवी चाचणी येणार असं ऐकून सोनोग्राफी पुढे ढकलली जाते, अशा बायकांसाठी हे लिहिते आहे. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार.

ही नवी चाचणी रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडावरची (अँटीबॉडीवरची) खूण शोधते. त्यावर शर्करारेणूंची एक छोटी फांदी असते (मधुमेहाच्या साखरेशी तिचा संबंध नाही). फांदीच्या टोकाला गॅलॅक्टोज आणि सियालिक आम्ल हे शर्करारेणू असले की प्रतिपिंड मवाळ वागतो, ते गळले की दाहाकडे झुकतो. संधिवाताच्या रुग्णांत गॅलॅक्टोज कमी असतं हे 1985 सालीच दिसलं होतं. एंडोमेट्रिओसिसमध्येही दाह असतो, म्हणून तिथेही ही खूण शोधणं रास्तच आहे. पण हेच गॅलॅक्टोज वयानुसार घटतं, गरोदरपणी वाढतं, इस्ट्रोजेनप्रमाणे बदलतं. आणि या आजाराचे उपचार बहुतेक हॉर्मोनचेच! मग रिपोर्टातला आकडा आजाराचा मानायचा की गोळ्यांचा? धूर दिसतो, चूल कुणाची ते कळत नाही.

सीए-125 या रक्तातल्या प्रथिनाच्या जुन्या चाचणीचंही तेच. फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असला, पाळी चालू असली तरी तो वाढतो, आणि नॉर्मल आला म्हणून आजार नाही असंही नाही. रक्तातल्या अशा खुणांवरून निदान करू नये, असं 2022 ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट (या आजारात अंडाशयात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) छान दिसते, खोल गाठीही दिसतात, पण तपासणारा हात सरावलेला हवा. वरवरचे डाग मात्र निसटतात. लग्न न झालेल्या मुलीला ही तपासणी नको असेल तर एमआरआयबद्दल विचारावं. खोल गाठी आणि अडेनोमायोसिस (तशाच पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) त्यात चांगले कळतात.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आता पहिली पायरी राहिलेली नाही. भूल, टाके, सुट्टी हे सगळं आलंच. सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही दिसलं नाही आणि औषधांनीही फरक पडला नाही, तर तिचा विचार.

गोव्यात पेडणे किंवा काणकोणहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) यायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून आधी म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात स्त्रीरोग ओपीडीला दाखवा आणि ‘एंडोमेट्रिओसिसचा संशय आहे का?’ असं स्पष्ट विचारा. दुखणं कधी सुरू होतं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का, हे लिहून न्या. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) असेल तर शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे तारीख घेण्याआधीच विचारा.