पर्सिस्टंट मेमरीचे आठ महिने: रॅम स्वस्तात पडली, रीबूट महागात

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात दोन प्रोसेसरचा एक सर्व्हर आहे, ईएसएक्सआयचा होस्ट, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारा. त्यात १२८ जीबीची बारा ऑप्टेन मॉड्यूल्स आणि ३२ जीबीच्या बारा साध्या रॅम. ऑप्टेन म्हणजे इंटेलची पर्सिस्टंट मेमरी: रॅमच्याच खाचेत बसते, रॅमपेक्षा स्वस्त पण संथ, आणि वीज गेली तरी डेटा राखू शकते. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, म्हणून तर वापरलेला माल आमच्या खिशाला परवडला. मेमरी मोडमध्ये, म्हणजे ऑप्टेनच मुख्य रॅम म्हणून वापरताना, साधी रॅम कॅश (झटपट हाताशी लागणारा साठा) म्हणून खपते, हिशेबात येत नाही. दिसते ती दीड टीबी. नाव पर्सिस्टंट, पण या मोडमध्ये वीज गेली की पाटी कोरी. असो.

पहिले चार महिने मी जाईन तिथे कौतुक करत होतो. चाळीसेक व्हीएम निवांत चालत होत्या. फक्त जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की अकाउंट्सचा डेटाबेस जड व्हायचा. डेटा कॅशमध्ये मावेना की असं होणारच.

मग जुलैत धूळ साफ करताना आमच्याच पोराने एक मॉड्यूल वाकडं ओढलं. संपर्कपट्टी खरवडली, मॉड्यूल कामातून गेलं. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून निम्म्या भावात दुसरं आणलं. 'साहेब, चेक करूनच दिलंय,' असं दुकानदार म्हणाला. केलंही असेल, पण फर्मवेअर (मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर) कोणतं ते त्याने पाहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

शनिवारी रात्री व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवल्या, पेन ड्राइव्हवरून यूईएफआय शेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीची कमांडची खिडकी) गेलो आणि आयपीएमसीटीएल या ऑप्टेन सांभाळणाऱ्या टूलने मॉड्यूल्सची यादी काढली. अकरांचं फर्मवेअर एक, बाराव्याचं जुनं. पेन ड्राइव्हवर एक फाइल होती, ती चढवली. सक्सेस! मग आकडा नीट वाचला, तर ती मधलीच आवृत्ती. बरोबर फाइल शोधून लगेच पुन्हा चढवायला गेलो, तर नकार: फर्मवेअर आधीच अपडेट झालंय, रीसेट करा.

माझी खरी तक्रार इथे आहे. एका मॉड्यूलवर एका बूटमध्ये एकदाच फर्मवेअर चढवता येतं. चढवलेलंही नुसतं स्टेज होऊन (तयारीत) बसतं, लागू होतं ते रीबूटनंतर. आणि आमचा सर्व्हर मेमरी तपासत उठायला चौदा मिनिटं घेतो. चौदा! तेवढ्यात लोकलने अंधेरीहून वांद्रे येतं. चुकीच्या फाइलसाठी एक रीबूट, बरोबर फाइलसाठी दुसरा. नव्या मॉड्यूलसाठी मेमरी मोडचा गोल (मॉड्यूल कसं वापरायचं याची सेटिंग) पुन्हा द्यावा लागला, त्याला तिसरा. मेमरी मोड असल्याने डेटा पुसण्याची भीती नव्हती, एवढंच सुख. शेवटची लोकल चुकली, घरी रिक्षाने गेलो. निम्म्या भावातली बचत त्या रात्रीच्या भाड्यात आणि दोन वडापावात बरीचशी गेली.

तेव्हा 'पुन्हा हा माल नको' असं लिहायला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मात्र नियम पटला. अर्धवट चढलेल्या फर्मवेअरवर दुसरं ओतू दिलं असतं तर एकाच्या जागी दोन मॉड्यूल्स गेली असती. पटलं, तरी राग गेलेला नाही. चूक दाखवणारा इशारा चढवण्याआधी हवा होता, नंतर नको.

आता बाराही मॉड्यूल्स हेल्दी दाखवतात, आणि उरलेल्या आयुष्याचा आकडा मी दर सोमवारी वहीत लिहितो. स्पेअर म्हणून आणखी एक घेतलंय, त्याच दुकानातून. या वेळी आधी फर्मवेअरचा स्क्रीनशॉट मागवला, मग पैसे दिले.