आठवीला मुलगी कुठे घालायची: तालुक्याचं मोठं विद्यालय की शेजारगावची छोटी शाळा?

जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते. जून जवळ आला की शिरपूर असो, पारोळा असो की नवापूर, घरात एकच विषय असतो: मुलीला तालुक्याच्या मोठ्या विद्यालयात घालायचं, की चार किलोमीटरवरच्या छोट्या अनुदानित शाळेत? मोठ्या शाळेच्या फाटकावर दहावीच्या निकालाचा फ्लेक्स लागलेला असतो, शंभराच्या जवळचा आकडा आणि पहिल्या पाच मुलांचे फोटो. छोट्या शाळेचा निकाल नव्वदच्या आसपास. एवढ्यावर ठरवू नका. त्या आकड्यात परीक्षेला बसलेली मुलं येतात, बसू न दिलेली येत नाहीत.

गळती होते ती नववीत. काही शाळा कच्च्या मुलाला नववीत मागे ठेवतात, नाहीतर पालकांना बोलावून 'सतरा नंबर भरा' म्हणतात. 17 नंबरचा फॉर्म भरला की मूल खासगी उमेदवार ठरतं आणि शाळेच्या नियमित निकालातून वजा होतं. म्हणून 2025 चा निकाल बघताना 2023-24 चा नववीचा पट शेजारी ठेवा. समजा, दोन शाळांचे आकडे असे आहेत:

| | मोठी शाळा | छोटी शाळा |
|---|---|---|
| नववीचा पट | 148 | 44 |
| दहावीला बसले | 121 | 42 |
| पास | 119 | 38 |
| फलकावरचा निकाल | 98.3% | 90.5% |
| नववीच्या पटावर निकाल | 80.4% | 86.4% |

शेवटची ओळ खरी. आठवीचा पट मात्र धरू नका, कारण काही गावांत जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत असते आणि ती मुलं नववीला येऊन मिळतात, त्यामुळे हिशेब चुकतो. नंदुरबारच्या अक्राणी, अक्कलकुवा भागात कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथली गळती सगळी शाळेच्या माथी मारणं अन्यायाचं आहे, तेव्हा दाखला नेलेली मुलं किती, हे वेगळं विचारा. आणि छोट्या शाळेत 42 पैकी एक मूल नापास झालं तरी निकाल जवळपास अडीच टक्क्यांनी उतरतो. तीन वर्षांची बेरीज करूनच टक्केवारी काढा. 2021 सोडून द्या, त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती.

इयत्तावार पट यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर शाळेचा 11 अंकी कोड टाकून बघता येतो. नंदुरबारचे कोड 2701 ने, धुळ्याचे 2702 ने, जळगावचे 2703 ने सुरू होतात. किती बसले, किती पास, हे मुख्याध्यापकांकडे असतं. द्यायला टाळाटाळ झाली तर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता 'पास' या शब्दाकडे वळू. 100 पैकी 20 गुण शाळेच्या हातात असतात, तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. ते पूर्ण मिळाले तर लेखी 80 पैकी 15 गुणांत मूल पास होतं. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, निकाल 95.30! म्हणून पास किती, यापेक्षा 60 टक्क्यांच्या वर किती, हे विचारा आणि तेही नववीच्या पटाशी ताडून बघा. टक्केवारी सहापैकी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर काढतात, त्यामुळे गणितात 36 मिळवलेलं मूलही 75 टक्क्यांत दिसू शकतं. पूर्वपरीक्षेचे गणिताचे तपासलेले पेपर दाखवायला सांगा. चांगली शाळा दाखवते.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो गणित-विज्ञानाच्या शिक्षकामुळे. छोट्या शाळेत हा माणूस बहुधा एकच असतो. ते कधी निवृत्त होणार, हे आधी विचारा. मुलगी नववीत असताना जागा रिकामी झाली, तर तासिका तत्त्वावर कोणी मिळेपर्यंत अर्धं वर्ष वाया जातं. मोठ्या शाळेत तीन-चार शिक्षक असतात, पण 'अ' तुकडीला कोण शिकवतं आणि 'ड'ला कोण, हे वेगवेगळं असतं. आपल्या मुलीला कोणती तुकडी मिळणार, हे कळल्याशिवाय फी भरू नका.

मोठ्या शाळेचं दुसरं आकर्षण म्हणजे सेमी-इंग्रजी. घरी अहिराणी किंवा पावरी, सातवीपर्यंत मराठी, आणि आठवीला एकदम गणित-विज्ञान इंग्रजीतून. अपूर्णांक पक्के असलेली मुलगी तीन-चार महिन्यांत सावरते. ज्या मुलीला भागाकारच अडतो, तिची अडचण भाषेची नसते, सेमीत ती फक्त झाकली जाते. तिला मराठी तुकडीतच ठेवा.

शाळेत गेलात की प्रयोगशाळा उघडायला लावा. दहावीच्या दोन-तीन प्रयोगवह्या चाळा. सगळ्यांत तीच आकृती, तीच निरीक्षणं आणि दहा प्रयोगांवर एकाच तारखेची सही असेल, तर प्रयोग फळ्यावरच झालेत. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हजेरीपट मागा. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं घटणारच, पण ती परत आल्यावर बुडालेला भाग कोण घेतं, याचं सरळ उत्तर मिळायला हवं.

एसटीचा पास मुलींना मोफत आहे, तरी गाडीची वेळ स्वतः बघून या. शाळा साडेपाचला सुटते आणि गावाकडची गाडी सातला असेल, तर हिवाळ्यात मुलगी अंधारात उतरेल. दोन्ही शाळांचे आकडे उन्नीस-बीस असतील, गणिताचे शिक्षक टिकणारे असतील, तर छोटी शाळा घ्या: तिथे सायकलने वीस मिनिटांत पोचता येतं आणि दोन दिवस मुलगी दिसली नाही तर सर घरी येतात.