सहा फुटी रीफ टँकचं प्लंबिंग आणि प्रवाह: वर्षभराच्या वापरानंतर

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या जिवंत प्रवाळांचा टँक म्हटलं की लोक आधी लाइट विचारतात, मग स्किमर (पाण्यातला मळ फेसातून काढणारं यंत्र), मग मासे. पाइप कुठून जाणार आणि पाणी कसं फिरणार हे कोणी विचारत नाही. वर्षभर मोठा टँक चालवल्यावर माझं ठाम मत झालंय की पैसा आणि डोकं सगळ्यात आधी तिथेच घालायला हवं. लाइट नंतर बदलता येतो. काचेत पाडलेलं भोक बदलता येत नाही.

टँक नाशिकला, तळमजल्यावर आहे. मापं १८० बाय ७५ बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे काठापर्यंत भरला तर ८१० लिटर. खाली स्टँडमध्ये १२० बाय ४५ बाय ४० चा संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. काच, खडक, वाळू धरून वजन एक टनाच्या बरंच वर जातं आणि ते सव्वा-दीड चौरस मीटर जागेवर उभं असतं. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. वरच्या मजल्यावर एवढा टँक ठेवायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मग काचवाल्याकडे जा.

आत सगळे मऊ प्रवाळ आहेत: सार्कोफायटन, झोआंथिड, मश्रूम, झेनिया. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात. मालवणच्या किनाऱ्यावरून आणलेला एक तुकडाही चालत नाही, आणि चालू नयेच. मऊ प्रवाळांवरही टँक भरगच्च दिसतो, फक्त पाण्याचा प्रवाह नीट हवा.

मूळ मुद्दा हा की टँकमध्ये पाणी दोन कामांसाठी फिरतं. एक, वरून संपमध्ये जाऊन गाळून, थंड होऊन परत येणं. दोन, प्रवाळांच्या अंगावरून सतत वाहत राहणं. पहिल्या कामाला थोडं पाणी पुरतं, दुसऱ्याला पुष्कळ लागतं. दोन्ही एकाच पंपाकडून करून घ्यायला गेलं की पाइप मोठे होतात, आवाज वाढतो, संपमध्ये बुडबुडे होतात आणि वीजबिल फुगतं. मी संपमधून तासाला टँकच्या साडेचार पट पाणी नेतो, साधारण ३,६०० लिटर. आतलं फिरणं वेव्हमेकरवर, म्हणजे टँकच्या आतच बसवलेल्या प्रवाह करणाऱ्या पंपांवर सोडलंय, ते त्याच्या पाच-सहा पट आहे.

ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे टँकमधलं वरचं पाणी खाली संपमध्ये उतरवण्यासाठी, मागच्या काचेला साठ सेंटिमीटरचा बॉक्स आणि त्यातून खाली तीन पाइप, ज्याला बीनअ‍ॅनिमल पद्धत म्हणतात. पहिला पाइप पूर्ण भरून सिफनवर चालतो आणि त्याला गेट व्हॉल्व्ह असतो. दुसरा अर्धवट उघडा, त्यातून थोडीशी धार जाते. तिसरा कोरडा राहतो, फक्त संकटासाठी. तिन्ही दीड इंची घेतले. दीड इंची सिफन माझ्या पंपाच्या दुपटीहून जास्त पाणी सहज नेतो, म्हणून व्हॉल्व्हने तो दाबून ठेवावा लागतो, आणि तेच हवंय. पहिल्या पाइपमध्ये गोगलगाय अडकली तर दुसरा सगळं पाणी घेतो. दुसराही तुंबला तर तिसरा घेतो. तिसऱ्याचं खालचं टोक मी मुद्दाम संपच्या पाण्याच्या वर ठेवलंय. त्यातून पाणी पडायला लागलं की धबाधबा आवाज होतो आणि शेजारच्या खोलीत कळतं.

आवाजाबद्दल सांगायचं तर रात्री दार बंद केल्यावर फक्त पाणी थंड करणाऱ्या चिलरचा पंखा ऐकू येतो. उघड्या पाइपात हवा आणि पाणी एकत्र पडतं म्हणून गुळगुळ होते. भरलेल्या सिफनमध्ये हवाच नसते. व्हॉल्व्ह जुळवायला धीर लागतो: चाक किंचित फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, बॉक्समधली पातळी बघायची, पुन्हा किंचित. बॉल व्हॉल्व्हने हे होत नाही, त्याची दांडी जरा हलली की पातळी एकदम खालीवर होते. सिफनच्या पाइपचं तोंड संपच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवा. जास्त खोल गेलं तर लाइट जाऊन परत आल्यावर पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि सिफन बसतच नाही.

आता सामानाबद्दल, कारण इथे आपल्याकडच्या दुकानांचा प्रश्न येतो. शेतीचा पीव्हीसी पाइप बाहेरून ३२, ४०, ५० मिलिमीटर अशा मापांत येतो. घरगुती प्लंबिंगचा यूपीव्हीसी इंचांत विकतात: एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिलिमीटर, दीड इंची ४८.३. एकाच काउंटरवर दोन्ही मिळतात, पण एकमेकांत नीट बसत नाहीत. बत्तीसचा पाइप एक इंची कपलरमध्ये ढिला जातो, त्यात सोल्युशन भरून वेळ मारून नेली तरी सांधा भरवशाचा नसतो. सगळं एकाच जातीचं घ्या, आणि टँकला लावायचे बल्कहेड (काचेच्या भोकात पाइप पक्का बसवणारे फिटिंग) कोणत्या मापाचे येताहेत ते बघून मग पाइप ठरवा.

दुसरी गोष्ट पितळेची. आपल्याकडे आट्याच्या फिटिंगमध्ये पितळी इन्सर्ट असतो आणि गेट व्हॉल्व्ह मागितला की गनमेटलचा काढून देतात. प्लंबरकाकांचाही आग्रह तोच होता. “दादा, प्लॅस्टिकचे आटे किती दिवस टिकणार? पितळी घ्या, घरभर तेच लावलंय.” त्यांचं घरासाठी बरोबर आहे. पण पितळ काय नि गनमेटल काय, दोन्हींत मुख्य धातू तांबं, आणि खाऱ्या पाण्यात ते झिरपत राहतं. माशांना जे तांबं औषध म्हणून थोड्या मात्रेत देतात, तेच प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना मारतं. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच एकेक फिटिंग आत बोट घालून तपासून बाजूला काढलं. प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह मात्र बाहेरून मागवावा लागला आणि तो महाग पडला. सगळ्या सामानात ज्याचा खर्च मला सगळ्यात पटला तो हाच.

युनियन, म्हणजे फिरवून सोडता येणारे पाइपचे जोड, भरपूर लावा. पंपाच्या वर, चिलरच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक व्हॉल्व्हपाशी. वर्षभरात पंप अनेकदा काढून धुतला आणि एकदाही करवत हातात घ्यावी लागली नाही. पंपाच्या तोंडाशी हातभर सिलिकॉनचा पाइप टाकलाय, त्याने थरथर वरच्या कडक पाइपात आणि तिथून स्टँडमध्ये उतरत नाही.

रिटर्न पंपाच्या, म्हणजे संपमधून पाणी परत वर टँकमध्ये ढकलणाऱ्या पंपाच्या, खोक्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. तो आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढण, एल्बो, नोझल हे सगळं धरलं की हातात खूप कमी येतं. मी साध्या पद्धतीने मोजतो: नोझलपाशी वीस लिटरची बादली आणि घड्याळ. वीस सेकंदांत भरली की तासाला ३,६०० लिटर. काही महिन्यांनी तीच बादली सव्वीस सेकंद घ्यायला लागली, म्हणजे जेमतेम २,८०० लिटर. बाहेरून काहीच फरक दिसत नव्हता, टँक नेहमीसारखाच. पंप उघडला तर इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या चाकावर) पांढरट चुन्याचा खरखरीत थर आणि पात्यांच्या कडेने गुलाबी कोरलाइन शेवाळ. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवला, दात घासायच्या ब्रशने घासला, आणि बादली पुन्हा वीसवर आली. तेव्हापासून ही मोजणी माझ्या कॅलेंडरवर असते. पंपाचा पहिला कंट्रोलर मात्र एका उन्हाळी रात्री व्होल्टेज वरखाली झाल्यावर गेला आणि कंपनीने हात वर केले. नवा घेतला, सोबत स्टॅबिलायझरही.

लाइट गेल्यावर काय होतं याचा हिशेब भोक पाडायच्या आधी कागदावर करा. माझ्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेतेरा लिटर. तासाला ३,६०० लिटर जात असताना बॉक्सच्या साठ सेंटिमीटरच्या कडेवर साधारण एक सेंटिमीटर पाणी उभं असतं. पंप थांबला की ते खाली येणारच. शिवाय रिटर्न नोझल पाण्यात बुडालेला असेल तर तोच उलटा सिफन होऊन पाणी खेचतो, त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत. माझ्या नोझलचं तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंटिमीटर, म्हणजे एकूण २७ लिटर. बॉक्स आणि पाइपमधलं धरून चाळीस. संपमध्ये ते चाळीस लिटर साडेसात सेंटिमीटर वर चढतात, तेवढी जागा रिकामी हवीच, वर थोडी राखीव. संपच्या काचेवर मार्करने रेघ मारलीय आणि चालू असताना पाणी तिच्या वर जाऊ देत नाही. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) लावून हा प्रश्न सोडवायचा सल्ला देतात. त्याच्या झडपेत वाळूचा एक कण किंवा छोटी गोगलगाय बसली की तो गळतो, म्हणून मी तो लावलाच नाही. नोझल वर ठेवणं हाच खरा उपाय.

पाणी वाहून जायचा धोका एवढ्यावर मिटतो, ऑक्सिजनचा उरतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या खारेपणाला सुमारे ६.७, आणि पाणी तापलं की आणखी कमी. म्हणून इन्व्हर्टरवर मी रिटर्न पंप न ठेवता एक वेव्हमेकर ठेवलाय, पृष्ठभागाकडे तिरका. वीज कमी खातो, पाण्याचा वरचा थर हलता ठेवतो. पावसाळ्यात लाइट तासन्‌तास गेली तेव्हाही मासे शांत होते.

वेव्हमेकरच्या मांडणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी स्नॉर्केलिंग करताना खडकावरचं सगळं एकाच लयीत पुढे झुकताना आणि मागे येताना दिसतं. तिथे एका दिशेची जोरदार धार नसते, झुलणारं पाणी असतं. टँकच्या दोन टोकांना दोन वेव्हमेकर आळीपाळीने चालवले की तसंच काहीसं होतं. प्रवाळाच्या त्वचेला पाण्याचा एक पातळ स्थिर थर चिकटलेला असतो, त्यातूनच ऑक्सिजन आणि अन्न आत जातं. प्रवाह जेवढा खेळता, तेवढा तो थर पातळ. सार्कोफायटन अधूनमधून मिटून बसतो आणि अंगावर मेणचट चकाकी येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काळजाचा ठोका चुकला. पण झुलतं पाणी बाजूने मिळू लागल्यावर तो पापुद्रा कडेपासून सुटत, फडफडत दोन-तीन दिवसांत निघून गेला आणि पॉलिप (प्रवाळाची फुलासारखी बारीक तोंडं) पुन्हा बाहेर आले. मश्रूमला मात्र असं पाणी सोसत नाही, ते खडकाच्या आडोशाला ठेवलेत.

खडक भिंतीसारखा मागच्या काचेला टेकवू नका. मागे हात जाईल एवढी फट ठेवलीय आणि खाली दोन बोगदे. एका कोपऱ्यात तरीही प्रवाह पोचत नव्हता आणि वाळूवर सायनोबॅक्टेरियाचा (शेवाळासारख्या जिवाणूंचा) तांबडा थर धरायचा. वेव्हमेकरचं तोंड थोडं खाली वळवल्यावर तो थर ओसरला, औषध घालावं लागलं नाही.

चिलरला वेगळा छोटा पंप दिलाय. रिटर्नच्या लाइनीत घातला असता तर रिटर्नचं पाणी कमी-जास्त करताना चिलरचंही व्हायचं, आणि त्याला ठरावीक किमान प्रवाह लागतोच. उन्हाळ्यात दिवसाला आठेक लिटर पाणी वाफ होऊन उडतं. ही सगळी घट संपच्या शेवटच्या कप्प्यात दिसते. माझा कप्पा ३० बाय ४५ चा आहे, म्हणजे पाणी भरलं नाही तर एका दिवसात पातळी सहा सेंटिमीटर उतरते आणि पंप हवा ओढायला लागतो. ऑटो टॉप-ऑफ (घटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय) आणि आरओच्या पाण्याचा मोठा कॅन पहिल्या दिवसापासून हवा.

घरात सुटे ठेवण्यासारखं सामान: एक इम्पेलर, युनियनच्या ओ-रिंग, एक बल्कहेडचं वॉशर, दीड इंची दोन एंड कॅप, आणि शक्य असेल तर कमी ताकदीचा एक जादा रिटर्न पंप. कंट्रोलर गेला त्या रात्री युनियन सोडून जुना पंप बसवायला दहा मिनिटंही लागली नव्हती.