पाच-पाच की तीन-तीन? बास्केटबॉल कुठल्या नियमांनी खेळावा

इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीतल्या पोरांपुढे सध्या हाच पेच आहे.

जागेचं गणित सोपं. पाच-पाचला, म्हणजे प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात त्या खेळाला, २८ बाय १५ मीटरचं मैदान आणि दोन रिंगा लागतात. तीन-तीनला १५ बाय ११ मीटर आणि एकच रिंग पुरते. रिंगेची उंची दोन्हीकडे ३.०५ मीटर.

खरा फरक दमाचा. पाच-पाचमध्ये १० मिनिटांचे चार डाव, शॉटसाठी २४ सेकंद. तीन-तीन १० मिनिटांत किंवा २१ गुणांवर संपतो, पण शॉटला १२च सेकंद मिळतात. बास्केट झाली की थांबायचं नाही: रिंगेखालून चेंडू उचलायचा, ड्रिबल (टप्पे देत) किंवा पास करून कमानीबाहेर, म्हणजे रिंगेसमोरच्या वक्र रेषेपलीकडे, न्यायचा, लगेच चाल करायची. बदली खेळाडूही एकच, त्यामुळे दमछाक जबरदस्त!

पाच-पाचमध्ये गुण कमानीच्या आतून २ आणि बाहेरून ३. तीन-तीनमध्ये १ आणि २. म्हणजे तिथे लांबचा शॉट दुप्पट मोलाचा, नेमबाज पोरांची चांदीच.

शाळेच्या संघात जायचं असेल तर पाच-पाचच शिका. जागा वाटून खेळणं तिथेच अंगात मुरतं. संध्याकाळी सहा-सात जण जमत असतील, तर बिनधास्त तीन-तीन. टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे.