कॉलेज शोधताना आधी काय बघायचं: क्रमवारी की आपली गरज?

कॉलेज शोधणारी घरं ढोबळमानाने दोन प्रकारची. एका घरात क्रमवारीची यादी उघडतात, वरून खाली येत जातात आणि जिथे प्रवेश मिळेल तिथे थांबतात. दुसऱ्या घरात आधी वहीत लिहितात: काय शिकायचंय, खर्च किती झेपेल, किती लांब राहायला जमेल. यादी त्यानंतर.

पहिल्या पद्धतीत डोक्याला ताप कमी, हे खरं. नावाला वजन असतं, हेही खरं. अमेरिकेतल्या १२ नामांकित खासगी विद्यापीठांचा चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३ साली अभ्यास मांडला. चांगल्या सरकारी विद्यापीठाऐवजी तिथे शिकल्याने सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही, मात्र सर्वाधिक कमावणाऱ्या १ टक्क्यात पोचण्याची शक्यता साधारण दीडपट होते. शिखरावरच जायचं असेल तर नाव कामाला येतं. बाकीच्यांनी त्यासाठी झोप उडवून घ्यावी का, हा प्रश्न उरतो.

आणि क्रमवारी म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या संस्थेने क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासले आणि ते जुळत नसल्याचं दाखवलं. त्याच वर्षी एका प्रसिद्ध यादीत कोलंबिया २ऱ्या क्रमांकावरून थेट १८व्यावर आलं. वर्ग तेच, शिकवणारे तेच!

या पद्धतीचा खरा त्रास मात्र मनाला होतो. यादीत एकेक पायरी खाली उतरताना प्रत्येक कॉलेज म्हणजे एकेक हार वाटू लागते, आणि शेवटी जिथे जातो तिथे तोंड पाडूनच जातो.

दुसरी पद्धत वेळखाऊ आहे. सतरा वर्षांच्या मुलाला ‘तुला काय हवंय?’ विचारलं तर तो खांदे उडवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. कधी ‘मला हेच जुळतं’ याचा अर्थ ‘मित्र तिथे चाललाय’ एवढाच निघतो. तरी माझा कल इकडेच. गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी २०१४ मध्ये ३०,००० हून अधिक अमेरिकी पदवीधरांना विचारलं, तेव्हा पुढे कामात मन रमण्याशी कॉलेजच्या प्रकाराचा संबंध नगण्य निघाला. आपुलकीने शिकवणारे, मागे उभे राहणारे शिक्षक भेटले होते का, याचा संबंध मोठा होता. हे कुठल्या क्रमांकावरून कळणार? त्यासाठी पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, वर्गात किती जण असतात, विषय बदलता येतो का, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं लागतं. माहितीपत्रकातल्या हिरवळीच्या फोटोंनी भागत नाही.

एक अपवाद मानायला हवा. डेल आणि क्रूगर या अमेरिकी अभ्यासकांच्या २००२ च्या अभ्यासात बहुतेकांच्या कमाईवर कॉलेजच्या नावाचा परिणाम जवळजवळ दिसला नाही, पण कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र फायदा दिसला. घरात ओळखीपाळखी नसतील, तर मोठ्या नावाचं पारडं थोडं जड धरा.

बाकीच्यांनी वही आधी उघडावी आणि क्रमवारी शेवटी, चाळणीसारखी वापरावी. अर्ज भरण्याआधी आपल्या यादीतलं सगळ्यात खालचं नाव वाचा. फक्त तिथेच प्रवेश मिळाला तर आनंदाने जाल का? नसाल जाणार, तर ते आत्ताच खोडून दुसरं शोधा.